नाथा पाटलाचा खांदा

आवडाबयचं नाव निघालं की बाळकुमातले लोक आता हात जोडतात. देवमाणूस होती म्हणतात. गावाची माय होती म्हणतात. मला ते जोडलेले हात बघवत नाहीत. ती मेली त्या दिवशी याच हातांनी आतून कड्या लावून घेतल्या होत्या. ते मी विसरलेली नाही आणि विसरणारही नाही.

आवडाबय माझी सासू. मी तिला आत्या म्हणायचे, बाकी सारं गाव बय म्हणायचं, म्हणजे आई. आमचं गाव मिठागरात राबणाऱ्यांचं. खाडीचं पाणी वाफ्यांत घ्यायचं, उन्हात आटवायचं, मीठ ओढून ढीग लावायचे. चहूकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही, अशी तिथली तऱ्हा. आत्या रोज उजाडायच्या आत गावच्या विहिरीवरून हंडे वाहायची आणि बांधाच्या तोंडाशी असलेला रांजण भरून ठेवायची. कोण पितो, कुठला आहे, हे तिनं कधी विचारलं नाही. एकदा कुणीतरी म्हणालं, "बय, लय पुन्य मिलंल तुना." तर म्हणाली, "पुन्य र्‍हाऊं दे, उद्या रांजन घासाला ये." तो माणूस पुन्हा काही तसं बोलला नाही.

गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मली. दर मंगळवारी ती गावदेवीचा उपास धरायची आणि संध्याकाळी देवळात जाऊन देवीशी भांडायची. एका साली अवकाळी पाऊस आला आणि ओढून ठेवलेलं मीठ विरघळून गेलं. आत्या देवीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "तुना दिसत नाय कं? डोलं फुटलं कं तुजं?" मग रागाचा भर ओसरल्यावर तिथंच बसून देवीचे पाय चेपत राहिली. पाय दगडाचे होते. तिला त्याचं काही नव्हतं.

आणि ती धवलारीण होती. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात धवलारणीवाचून पान हलत नाही. देवांना आणि घरातल्या मेलेल्या माणसांना मांडवात बोलवायचं, नवरानवरीला हळद लावायची, सगळे विधी गाऊन करायचे, ते तिनंच. ती गात असताना मध्ये तोंड घालायची कुणाची छाती होत नाही, मग तो पाटील का असेना. आत्यानं मला लग्न होऊन आल्यापासून आपल्याबरोबर नेलं, गाणी शिकवली. चुकले की मांडवातच चिमटा काढायची. माझा आवाज तिच्यापेक्षा चढा, पण तिच्या आवाजात गोडवा होता. माझ्यात तो कधीच नव्हता.

मुंबईतून गाठीचा ताप आमच्याकडे आला त्या साली गावाची अक्कल गेली. जांघेत नाहीतर काखेत गाठ दिसली की घरचीच माणसं त्या माणसाला घरात टाकून रानात झोपड्या घालून राहू लागली. आत्यानं गावदेवीच्या देवळाची ओसरी झाडली, पेंढा अंथरला आणि टाकलेल्या माणसांना एकेक करून तिथं आणून निजवलं. पेज पाजायची, अंग पुसायची. मी म्हटलं, "आत्या, देवलात रोगी ठेवतंस? देवी कोपंल." ती म्हणाली, "एकटी बसून कंटालली आसंल ती. तिना सोबत व्हईल."

नाथा पाटील आमच्याच भाऊकीतला. गावचा पोलीस पाटील, शिवाय खाडीकडची मिठागरं त्याच्याच ताब्यात. त्याची नाळ आत्यानं कापली होती, त्याच्या लग्नाला तीच गायली होती. त्याची पोर लक्ष्मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची. तिला गाठ आली तसं त्यानं दिवेलागणीला तिला घोंगडीत गुंडाळून देवळामागं आणून ठेवलं आणि हाकही न मारता निघून गेला. गावात सांगितलं, पोर कल्याणला मामाकडे धाडली. आत्याला ती कण्हण्याच्या आवाजानं सापडली. त्या पोरीसाठी आत्या किती जागली ते मला माहीत आहे. पोर वाचली. हिंडायफिरायला लागली तेव्हा बाप येऊन तिला घेऊन गेला. आत्याकडे बघितलंसुद्धा नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आत्याच्या काखेत गाठ आली, आणि एका दुपारी ती गेली.

माझा नवरा राघो घरोघर फिरला. तिरडीला चार खांदे लागतात, एवढंच मागत होता. एकही दार उघडलं नाही. नाथा पाटलानं दवंडी दिली होती, मढ्याला जो हात लावील त्याला गाव बंद. बरं, मसणात जायची वाट मिठागराच्या बांधावरून. तिथं नाथा स्वतः माणसं घेऊन काठ्या आडव्या धरून उभा. म्हणाला, "बांधावरून नको. माजं मीठ नासंल. खालून चिखलातून न्या."

आम्ही दोघांनी तिला तिच्याच लुगड्याच्या झोळीत घातलं, झोळी बांबूला बांधली आणि मिठाची पाटी वाहावी तशी वाहिली. पुढं राघो, मागं मी. बाईनं मढ्याला खांदा द्यायचा नसतो. मी दिला. ओहोटीची वेळ होती, खाडीचा चिखल गुडघ्यापर्यंत येत होता. बाभळीच्या वळणावर माझा पाय रुतला आणि मी पडले. झोळीचं टोक खाली गेलं, आणि आत्याचे पांढरे केस चिखलात लोळले. मी वर बघितलं. बांधावरून नाथा बघत होता. त्यानं तोंडावर फडकं धरलं होतं.

त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. नाथाचं वाटोळं नको, त्याचं मीठ नको. माझ्या आत्याच्या खाली त्याचा खांदा हवा होता. ती तर जळून गेली, आता हे कसं व्हायचं, हे मला कळत नव्हतं. पण मागणं तेच होतं. उठताबसता तेच.

मी बांधावरचा रांजण पालथा घातला. राहा म्हटलं तहानलेले. राघो गुपचूप जाऊन तो सरळ करायचा, भरायचा. त्यावरून आमची रोज भांडणं. तो आईवर गेलेला माणूस. गाठीचा ताप ओसरला, लोक झोपड्यांतून घरी आले, नजर चुकवत बोलायला लागले. मग हळूहळू नजर चुकवायचंही सोडलं. मंगळवारी देवळात आत्याच्या नावानं दिवा लावायची टूम निघाली. पहिला दिवा कुणी लावला? नाथा पाटलानं. मी तो फुंकून टाकला.

दोन वर्षांनी लक्ष्मीचं लग्न ठरलं. मुलगा उल्हास नदीकाठचा, शहाडचा. घर चांगलं होतं. नाथानं धवलारीण शोधली. कोलशेतची म्हातारी होती, तिचा आवाज बसलेला. कळव्याची होती, ती म्हणाली, "आवडाबयच्या शिवेत मी कशी गाऊं? तिची सून हाय ना जिती." तेव्हा तो आमच्या अंगणात आला. हातात नारळ होता, पण पायरी चढला नाही.

"बायजे," तो म्हणाला, "लक्ष्मीचं लगीन हाय. तुना मांडवाला यावं लागंल."

"येतंय," मी म्हणाले.

तो बघतच राहिला. मी शिव्या घालीन, नारळ फेकीन, अशी तयारी करून आला असणार. आमच्या बोलीत पाटलालाही तूच म्हणतात, तसंच मी म्हटलं, "पन उंबर तू सोता वाहाचा. आनि मी नेईन त्या वाटंनी याचं."

"ही तं रीतच हाय," तो म्हणाला आणि हसलासुद्धा. सुटलो असं वाटलं त्याला.

रीत होतीच. मांडवाच्या दिवशी नवरीच्या बापानं उंबराची फांदी तोडून खांद्यावर घ्यायची. पुढं धवलारीण गात चालते. ती गावदेवीपाशी थांबते, वेशीवर थांबते, घरातलं कुणी गेलेलं असेल तर त्याला जाळलं त्या जागी थांबते. ती थांबेल तिथं बापानं वाकून हाक मारायची, लग्नाला ये म्हणून. उंबर मांडवात रोवीपर्यंत भुईला टेकता कामा नये. टेकला तर लग्नाला अपशकुन. खांदा दुखला तर दुसऱ्यानं खांदा द्यायचा, पण तो धवलारीण सांगेल त्यानंच. कुठल्या वाटेनं जायचं तेही धवलारणीनं ठरवायचं. आजवर सगळ्या धवलारणी जवळच्या वाटेनं गेल्या, म्हणून कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं.

राघोला मात्र वाटलं. "बायजे, काय हाय तुज्या मनान?" त्यानं विचारलं. "पोरीच्या दुखन्याचं शहाडवाल्यांना सांगनार हायस कं?"

"पोरीला मी धक्का नाय लावनार. ती आत्यानं वाचवलेली हाय."

"मंग?"

"बापाला लावनार."

"आयेला पटलं नसतं."

"आये नाय हितं," मी म्हणाले.

मांडवाच्या सकाळी मी नवरीला तेल लावायला बसले. लक्ष्मी मोठी झाली होती, देखणी झाली होती. बाकीच्या बायका जरा बाजूला झाल्या तशी तिनं माझं मनगट धरलं. हळूच म्हणाली, "काकी, आवडाबयला बोलवशील ना? तिचं देनं हाय माज्यावर." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "बोलवतंय. तुजा बा बोलवंल." तिनं मान हलवली. तिला बिचारीला त्यातलं काय कळणार!

वैशाखाचं ऊन तापायला लागलं होतं. उंबराची फांदी मीच निवडली. चांगली दांडगी, पानांनी भरलेली. नाथानं ती बुंध्याकडून खांद्यावर घेतली. वाजंत्री लागली, गाव मागं निघालं. मी गाऊ लागले:

"ये गो गावदेवी माये, मांडवान ये गो,
उंबर आला दारी, सावली त्याला दे गो."

देवीपाशी थांबले. नाथा वाकला, म्हणाला, "माये, लग्नाला ये." वेशीवर वेताळाला बोलावलं. तिथून गावाकडे वळायचं असतं. मी खाडीकडे वळले. वाजंत्री जरा अडखळली. लक्ष्मी लहान असतानाच तिची आई वारली होती, तिला बोलवायला मसणात जातेय असं लोकांना वाटलं असेल. बांधाचं तोंड आलं. नाथानं सवयीनं बांधावर पाय ठेवला. मी बांध सोडून खाली चिखलात उतरले.

"बायजे!" तो ओरडला. "वाट ही हाय!"

मी मागं वळून बघितलं नाही. गात राहिले. धवलारीण पुढं गेली की उंबर मागं जायचाच. वाजंत्री थांबली होती, माझा एकटीचा आवाज खाडीवर चालला होता. थोड्या वेळानं मागं चिखलात पाय पडल्याचा आवाज आला. मला हसू फुटलं. खोटं कशाला बोलू?

नाथा पन्नाशीला टेकलेला, अंगानं जड. चिखल घोट्यावरून पिंढरीवर आला, पिंढरीवरून गुडघ्यावर. मी मुद्दाम कडव्यामागून कडवं लांबवत होते. बांधावरून गाव आमच्या बरोबरीनं चाललं होतं, वरून बघत. चिखलात कुणी उतरलं नाही. नाथाच्या श्वासाची घरघर मला ऐकू येत होती.

"खांदा बदला रं," तो म्हणाला. "ए पोरांनो, खांदा द्या कुनी तरी."

बांधावरची चारदोन तरणी पोरं पुढं सरकली. मी गाणं थांबवलं. बाभळीचं वळण आलं होतं.

"खांदा कुनी द्याचा ते मी सांगंन," मी बांधाकडे तोंड करून म्हणाले. "ज्यानं माज्या आत्याला खांदा दिला व्हता त्यानं खाली उतराचं. कोन हाय?"

पुढं सरकलेली पोरं जागच्या जागी थांबली. म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. मी एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. यातली निम्मी तोंडं जन्मताना आत्यानंच पहिल्यांदा पुसली होती. त्या क्षणी मला जे वाटलं ते सुखच होतं. दोन वर्षं उपाशी असलेल्या माणसाला ताट मिळावं तसं.

तेवढ्यात नाथाचा तोल गेला. तो एका गुडघ्यावर बसला, फांदीचा शेंडा कलला, पानं चिखलाकडे निघाली. मला वाटलं, लोळू देत. जिथं ते केस लोळले तिथंच लोळू देत. आणि त्याच वेळी लक्ष्मीचं तेल लावलेलं तोंड डोळ्यांसमोर आलं आणि मी दोन्हीकडून अडकले. पुढंही जाता येईना, मागंही येता येईना.

राघो बांधावरून उडी मारून खाली आला. त्यानं कललेला शेंडा उचलला आणि आपल्या खांद्यावर घेतला.

माझ्याच शब्दात मी सापडले होते. आत्याला खांदा दिलेला पुरुष गावात एकच होता. रागानं माझं डोकं फिरलं. ओरडले, "राघो! सोर त्याला!"

"तूच बोललीस ना, ज्यानं खांदा दिला त्यानं याचं?" तो म्हणाला. "मी दिलता. उठ नाथादादा."

पण नाथा उठेना. मान वळवून त्यानं बघितलं, मागं कोण आहे ते. राघोला बघितलं आणि तो हमसून रडायला लागला. काठ्यांनी, शिव्यांनी, गावजेवणाच्या पंगतीतून उठवूनही झालं नसतं ते राघोच्या खांद्यानं झालं. तेव्हा मी राघोवरचा राग गिळला. म्हटलं, असू दे. हेही बरंच आहे.

तो कसाबसा उठला. पुढं तो, मागं राघो, मधे उंबर. आम्ही आत्याला जाळलं त्या जागेवर आलो. तिथं आता नुसती खुरटी झुडपं होती. मी थांबले.

"बोलव," मी म्हणाले.

नाथा वाकला. "आवडाबय, लग्नाला ये."

"कोन लागते ती तुजी? नातं सांगून बोलवाचं आसतं."

त्यानं बांधाकडे बघितलं. सगळं गाव ऐकत होतं. "माजी नाल कापली तिनं," तो म्हणाला. "माज्या लग्नान गायली."

"आनि?"

आता तो माझ्याकडे बघू लागला. मी काय विचारतेय ते त्याला कळलं. पोरीचं बोललं तर शहाडपर्यंत जाईल. माझ्या मनात तसं नव्हतं, पण त्याला ते कसं कळावं? त्याच्या तोंडावरची भीती मी नीट बघून घेतली. मग म्हणाले, "आनि ती मेली तवा तू काय केलंस?"

"वाट आडवली," तो म्हणाला. "दवंडी दिली. काठ्या घेऊन उभा र्‍हायलू. तिना चिखलातून जावं लागलं, माज्या पायी." मग त्यानं ते पुन्हा म्हटलं, मोठ्यानं, मी न सांगता. "बय, चुकलू मी. लग्नाला ये. मी खांदा द्याला आयलू."

बांधावर बायका रडायला लागल्या होत्या. कुणीतरी हात जोडले, मग सगळ्यांनीच जोडले. राघोच्या गालांवरून पाणी वाहत होतं. उंबराखाली वाकलेल्या नाथानं मान वर केली. खांदा सोलपटला होता, सदऱ्यावर रक्त आलं होतं.

"बायजे," तो म्हणाला, "आथा तरी माफ कर."

सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघत होतं. आवडाबयची सून काय म्हणेल, ते त्यांना माहीत असल्यासारखं.

"माफ करनारी ती व्हती, पाटील," मी म्हणाले. "ती मेली. आथा हितं मी हाय. चल, पोरगी खोलंबली हाय."

आणि मी गाणं धरलं आणि परतीसाठी पुन्हा चिखलातच पाय घातला.